त्सुनामीचे ‘पाच नियम’ सोलोमन बेटांवर टिकत नाहीत

त्सुनामीबद्दल फोनवर फिरणारा एक मेसेज असा आहे. शब्द थोडेफार बदलतात, कधी शेवटी हात जोडलेले असतात, कधी ‘नासाच्या शास्त्रज्ञांनी सांगितलं’ अशी पुस्ती असते, पण मुद्दे तेच. एक: त्सुनामीच्या आधी समुद्र मागे हटतो, हटला नाही तर त्सुनामी नाही. दोन: साडेसात रिश्टरच्या खाली त्सुनामी होत नाही. तीन: आता सगळीकडे उपग्रह आणि सायरन आहेत, इशारा आला नाही तर जागचे हलू नका. चार: पहिली लाट सगळ्यात मोठी, ती ओसरली की खाली यायला हरकत नाही. पाच: पॅसिफिकमधल्या बेटांवरचे आदिवासी आणि तिथली जनावरं यांना त्सुनामी आधीच कळते, म्हणून ती वाचतात, आपण शहरी माणसं ती शक्ती गमावून बसलोय. जुलै २०२५ मधल्या रशियातल्या कामचाटकाच्या भूकंपानंतर याला एक शेपूटही चिकटलं: बघा, ८.८ चा भूकंप, अर्ध्या जगाला पळवलं, आणि लाट किती आली तर मीटर-दीड मीटर.

हे कोणी खोडसाळपणे लिहिलं असेल असं मला वाटत नाही. बहुधा कळकळीनेच, चार व्हिडिओ बघून जोडलेलं आहे, आणि त्यात खरं अजिबात नाही असंही नाही. माझा आक्षेप वेगळा आहे. यातला प्रत्येक मुद्दा किनाऱ्यावरच्या माणसाला एकच गोष्ट सांगतो: थांब. समुद्र हटतोय का बघ, आकडा किती येतो बघ, सायरन वाजतो का बघ, कुत्री काय करतात बघ. ज्या बेटांचं नाव घेऊन हे नियम खपवले जातात, तिथे एवढं बघत बसायला समुद्राने वेळच दिलेला नाही. म्हणून हे नियम त्यांच्यातल्याच एका देशाच्या हकिगतीवर घासून पाहू. देश सोलोमन बेटं. क्रम मेसेजचा नाही, माझा आहे. सगळ्यात घातक मुद्दा आधी.

पापुआ न्यू गिनी आणि वानुआतु यांच्या मध्ये पसरलेली ही जवळपास हजार लहानमोठी बेटं. राजधानी होनियारा, स्वातंत्र्य १९७८ साली ब्रिटिशांकडून. बेटांच्या रांगेला लागून दक्षिणेकडून समुद्रतळावर खोल खंदक गेला आहे. तिथे ऑस्ट्रेलियाकडचा भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा अवाढव्य तुकडा, पॅसिफिक भूपट्टाखाली शिरतो, अडकतो, आणि कधीतरी सुटतो. २००७, २०१० आणि २०१३ अशा सहा वर्षांत या देशाने तीन मोठ्या त्सुनामी पाहिल्या. तिन्ही वेगवेगळ्या जातीच्या होत्या, म्हणून त्या उपयोगाच्या.

‘इशारा आला नाही तर हलू नका’

२ एप्रिल २००७, सोमवार, सकाळचे सात चाळीस. पश्चिम प्रांतातल्या गिझो गावाच्या दक्षिणेला समुद्राखाली ८.१ तीव्रतेचा भूकंप झाला. सिम्बो आणि गिझो या बेटांवर पहिलं पाणी तीन ते पाच मिनिटांत पोचलं. हवाईतल्या पॅसिफिक त्सुनामी इशारा केंद्राचं पहिलं पत्रक निघालं ते भूकंपानंतर सुमारे पंधरा मिनिटांनी. म्हणजे जगातल्या सगळ्यात अनुभवी केंद्राचा कागद बाहेर पडला तेव्हा सिम्बोवरचं तापुराई हे गाव जागेवर उरलेलं नव्हतं. तिथे पाणी सुमारे १२ मीटर उंचीपर्यंत चढलं होतं.

यात केंद्राची ढिलाई शोधू नये. भूकंपाच्या लहरी दूरदूरच्या यंत्रांपर्यंत पोचायला वेळ लागतो, मग केंद्रबिंदू काढायचा, मग आकार. आणि आकार जेवढ्या घाईने काढावा तेवढा तो कमी निघण्याचा धोका. जपानने २०११ मध्ये अवघ्या तीन मिनिटांत इशारा दिला, पण त्या घाईत तीव्रता ७.९ धरली गेली आणि इवातेच्या किनाऱ्याला तीन मीटर लाटेचा अंदाज सांगितला गेला. भूकंप प्रत्यक्षात ९.० चा होता. पुढे काय झालं ते सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. जपानसारख्या देशाला पहिल्या तीन मिनिटांत जे साधलं नाही, ते सिम्बोवर खांबाला लावलेल्या भोंग्याला कसं साधणार?

सप्टेंबर २००९ मध्ये सामोआतही तेच झालं. सकाळी सहा अठ्ठेचाळीसला भूकंप, सोळाएक मिनिटांनी हवाईचं पत्रक, आणि तोवर दक्षिण किनाऱ्यावरच्या वस्त्यांपर्यंत पाणी येऊन ठेपलेलं. सामोआ, अमेरिकन सामोआ आणि टोंगा मिळून १९० च्या आसपास माणसं गेली.

जानेवारी २०२२ मध्ये टोंगात तर भूकंपही नव्हता. हुंगा टोंगा-हुंगा हाआपाई हा समुद्रातला ज्वालामुखी फुटला. भूकंपमापकांवर उभी असलेली सारी व्यवस्था अशा लाटेसाठी बांधलेलीच नव्हती. त्यात देशाला जगाशी जोडणारी समुद्राखालची केबल तुटली आणि जवळपास पाच आठवडे तुटलेलीच राहिली. लोक पळाले ते स्फोटाच्या आवाजाने आणि चढत्या पाण्याने. मोबाइलवर काय आलं ते बघून नव्हे. बघायला मोबाइल चालत नव्हते.

मग इशारा केंद्रं निरुपयोगी आहेत का? मुळीच नाही. लाट हजारो किलोमीटरवरून येणार असेल तेव्हा तीच एकमेव मदत असते, कारण तिथे जमीन हललेलीच नसते. १९६० साली चिलीत ९.५ चा भूकंप झाला, लाट हवाईला पंधरा तासांनी आणि जपानला बावीस तासांनी पोचली. अशा वेळी सायरनशिवाय कोण सांगणार? गोंधळ होतो तो लांबच्या किनाऱ्याचा नियम जवळच्या किनाऱ्याला लावल्यावर.

आपल्याकडचा कोकण किनारा, खरं तर, लांबच्या गटात मोडतो. २८ नोव्हेंबर १९४५ च्या पहाटे मकरानच्या किनाऱ्यावर, आजच्या पाकिस्तानात, मोठा भूकंप झाला. मुंबईत पाणी चढलं ते सकाळी, काही तासांनी, सुमारे दोन मीटर. पंधरा माणसं वाहून गेल्याची नोंद आहे. तेव्हा इशारा द्यायला कोणी नव्हतं. आज हैदराबादचं केंद्र आहे, २००७ पासून. मुंबई-रत्नागिरीकरांनी त्यांच्या इशाऱ्यावर लक्ष ठेवणं शहाणपणाचं. पण हाच शहाणपणा गिझोच्या माणसाला, किंवा जपानमध्ये नोकरीला असलेल्या आपल्या भाच्याला, मेसेज करून पाठवू नका.

‘समुद्र मागे हटला नाही तर त्सुनामी नाही’

यात अर्धं खरं आहे. समुद्र अचानक मागे गेलेला दिसला, तळाचे खडक उघडे पडले, तर पळायचंच. यावर दुमत नाही. चूक आहे ती उलट्या वाक्यात.

पाण्याने भरलेल्या परातीखाली एका बाजूने बुक्की मारली तर एकीकडे पाणी उसळतं आणि शेजारी खळगा पडतो. खंदकावर तसंच होतं. वरचा भूपट्ट सुटताना खंदकाजवळचा समुद्रतळ उचलला जातो आणि त्याच्या मागचा, बेटांकडचा, भाग खचतो. तुम्ही खळग्याच्या बाजूला असाल तर आधी पाणी ओढलं जातं. उंचवट्याच्या बाजूला असाल तर थेट पाणी चढतं. २००४ मध्ये याचं उदाहरण एकाच दिवशी दोन्हीकडे दिसलं: थायलंडच्या किनाऱ्यावर समुद्र आधी मागे गेला, श्रीलंका आणि आपल्या पूर्व किनाऱ्याकडे आधी उसळीच आली. मेसेजचा नियम पाळणारा माणूस थायलंडमध्ये कदाचित वाचला असता. चेन्नईत तो वाट बघत उभा राहिला असता.

सोलोमन बेटांनी या नियमाची आणखी एक बाजू उघडी पाडली. गिझोपासून फार लांब नसलेलं रानोंगा नावाचं डोंगराळ बेट आहे. २००७ च्या भूकंपात त्याचा किनारा काही ठिकाणी तब्बल तीन मीटर वर उचलला गेला. किनाऱ्यावर उभ्या माणसाला काय दिसलं असेल? समुद्र मागे गेला. आणि तो परत आलाच नाही. पोवळ्याचे खडक कायमचे उघडे पडले, त्यावरचे जीव उन्हात मरून सडले, मासे पकडायच्या जागा गेल्या, होड्या लावायचे धक्के कोरड्यावर आले. तिकडे सिम्बोचा किनारा उलट खचला. एकच भूकंप, नजरेच्या टप्प्यातली बेटं, आणि ‘समुद्र मागे हटला’ याचे संपूर्ण वेगळे अर्थ. असल्या खुणेवर जीव टांगायचा?

वेळेचा हिशेबही करून बघावा. चार हजार मीटर खोल पाण्यात लाटेचा वेग ताशी ७०० किलोमीटरच्या वर असतो, प्रवासी विमानाच्या जवळपास. किनाऱ्याशी, दहा मीटर खोलीत, तो ताशी पस्तीसेक किलोमीटरवर येतो. ऐकायला कमी वाटतं. पण ओल्या वाळूत, पोरं हाताशी धरून, पस्तीसच्या वेगाने पळून दाखवा. शिवाय मागून येतं ते समुद्रकाठी फुटणाऱ्या लाटेसारखं दोन-चार सेकंदांचं पाणी नसतं. ते कित्येक मिनिटं येतच राहतं आणि सोबत ओंडके, पत्रे, होड्या, घरांचे वासे घेऊन येतं. म्हणून पट्टीचा पोहणारासुद्धा त्यात पोहणारा राहत नाही.

‘बेटांवरच्या लोकांना आणि जनावरांना उपजतच कळतं’

हा मुद्दा कौतुकाचा आव आणतो, म्हणून कोणी त्याला आडवं जात नाही. मला तो सगळ्यात जास्त खटकतो.

२००७ मध्ये सोलोमन बेटांवर ५२ माणसं गेली. गाववार पाहिलं तर एक चमत्कारिक गोष्ट दिसते: मृतांमध्ये गिल्बर्टी वंशाच्या लोकांचं प्रमाण त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने फार मोठं होतं, आणि त्यांत मुलं बरीच होती. हे लोक कोण? आजच्या किरिबाती देशातले, मूळ गिल्बर्ट बेटांवरचे. दाटी आणि पाण्याची टंचाई यांमुळे ब्रिटिश राजवटीने त्यांना आधी फीनिक्स बेटांवर आणि मग १९५०-६० च्या दशकांत सोलोमनमध्ये, गिझोच्या परिसरात, आणून वसवलं. गिझो बेटावरचं तितियाना हे त्यांचं गाव.

समुद्राची ओळख त्यांना कमी होती का? पिढ्यान्‌पिढ्या कंकणाकृती प्रवाळबेटांवर, चारी बाजूंनी पाणी असलेल्या चिंचोळ्या पट्ट्यांवर राहिलेली ही माणसं. होडी, वारा, मासे, भरती, यात त्यांचा हात धरणारं कोणी नसावं. पण गिल्बर्ट बेटं पॅसिफिकच्या मधोमध आहेत. तिथे जवळपास खंदक नाही, जमीन हलून पाच मिनिटांत पाणी येण्याचा अनुभव नाही, म्हणून त्याची गोष्टही नाही. तितियानाच्या समोरची खाडी रिकामी झाली तेव्हा काही जण, विशेषतः मुलं, बघायला गेली. शेजारच्या मूळ मेलनेशियन वस्त्यांतले लोक तोवर टेकडीकडे निघाले होते, कारण त्यांच्याकडे आधीच्या लाटांच्या आठवणी म्हाताऱ्यांकडून आलेल्या होत्या.

दोन्हीकडची माणसं बेटांवरची. दोघांचे कान-डोळे सारखेच. फरक होता तो ऐकलेल्या गोष्टीचा.

आपल्या वाचकांना अंदमान-निकोबारचं उदाहरण जास्त जवळचं. २००४ नंतर ‘जारवा वाचले, ओंगे वाचले, आदिवासींना कळतं’ हे आपल्याकडे इतकं लिहिलं गेलं की निकोबार सगळे विसरले. निकोबारीही आदिवासीच, शतकानुशतकं तिथलेच. कार निकोबार आणि दक्षिणेकडच्या बेटांवर ती माणसं हजारोंनी गेली, कारण वस्त्या सपाट किनाऱ्यावर होत्या आणि पाणी मिनिटांत आलं. त्यांच्याकडे ‘शक्ती’ नव्हती असं म्हणणार का? त्याच दिवशी सुमात्राजवळच्या सिमेउलुए बेटावर ७० हजारांहून जास्त वस्तीतून सातच माणसं दगावली. तिथे १९०७ च्या लाटेची आठवण गाण्यांतून, अंगाईतून चालत आली होती: जोराचा भूकंप झाला की डोंगर गाठा.

आणि ही गोष्ट शिकायला शंभर वर्षं लागतात असंही नाही. वानुआतुच्या पेंटेकॉस्ट बेटावर बे मार्तेल्ली नावाचं तीनेकशे वस्तीचं गाव होतं. नोव्हेंबर १९९९ मध्ये मध्यरात्रीनंतर तिथे ७.५ चा भूकंप झाला. त्याच्या काही आठवडे आधीच गावकऱ्यांनी एक व्हिडिओ पाहिला होता: पापुआ न्यू गिनीतली आदल्या वर्षीची त्सुनामी, आणि अशा वेळी काय करायचं. हादरा बसला, अंधारात कोणीतरी समुद्राकडे नजर टाकली, गाव टेकडीवर निघालं. पाण्याने गाव जवळपास पूर्ण पुसून टाकलं. मेले मोजकेच. ना सहावं इंद्रिय, ना पूर्वजांचा कौल, एक टीव्ही.

‘उपजत’ म्हटलं की शिकवायची जबाबदारी कोणाचीच उरत नाही, हा या मुद्द्यातला खरा दोष. आणि वाचलेल्या माणसांनी जपलेलं ज्ञान आपण त्यांच्याकडून काढून घेऊन त्यांना जनावरांच्या रांगेत बसवतो, तेही कौतुकाने.

जनावरांबद्दल थोडक्यात: भूकंपाची पहिली बारीक लहर माणसाआधी कुत्र्याला जाणवू शकते, काही सेकंद आधी. त्याहून आधीचं विश्वासार्ह भाकीत जनावरांवरून करता आलेलं नाही. कुत्रं तर रोजच भुंकतं.

‘साडेसातच्या खाली त्सुनामी नाही’

वर्तमानपत्रं अजून ‘रिश्टर’ लिहितात, पण मोठ्या भूकंपांसाठी शास्त्रज्ञांनी ती मोजपट्टी केव्हाच बाजूला ठेवली आहे. ते असो. १७ जुलै १९९८ ला संध्याकाळी, पापुआ न्यू गिनीच्या उत्तर किनाऱ्यावर, आइतापेजवळ भूकंप झाला तो ७.० चा. मेसेजच्या हिशेबाने निश्चिंत राहावं असा. वीसेक मिनिटांत दहा ते पंधरा मीटरच्या लाटा सिस्सानो खाजणापुढच्या वाळूच्या पट्ट्यावरून गेल्या. एकीकडे समुद्र, मागे खाजण, पळायला जागाच नाही. २,००० हून जास्त माणसं गेली. एवढ्या भूकंपाला एवढी लाट कशी, यावर बरीच वर्षं वाद चालला. बहुतेक संशोधकांचं उत्तर असं की हादऱ्याने समुद्राखालच्या उताराचा मोठा लगदा घसरला आणि पाणी त्याने ढकललं. म्हणजे आकडा लाटेचा नव्हताच, आकडा फक्त ठिणगीचा होता.

खुद्द सोलोमनमध्ये ४ जानेवारी २०१० ला रेंडोवा बेटाजवळ ७.१ चा भूकंप झाला. तेवढ्याने किनाऱ्यावर पाणी सात मीटरपर्यंत चढलं आणि वस्त्यांची वाताहत झाली. काही भूकंप असेच असतात: फाटणारी जागा खंदकाच्या अगदी तोंडाशी, उथळ, आणि समुद्रतळ आकड्याच्या मानाने खूप जास्त हलतो. त्यांचा आणखी कपटी प्रकार म्हणजे संथ सुटणारे. १९९२ साली निकाराग्वाच्या पॅसिफिक किनाऱ्यावर हादरा इतका सौम्य होता की कित्येकांना तो जेमतेम जाणवला, आणि मग लाट आली. म्हणून न्यूझीलंडसारखे देश लोकांना आकडा विचारायला सांगतच नाहीत. हादरा जोराचा असेल किंवा लांबलेला असेल, दोन्हींपैकी एक पुरे. एक मिनिटाहून जास्त वेळ जमीन हलत राहिली, मग ती हळूच का हलेना, तर चढण धरा.

आपल्याला हे पटायला थोडं जड जातं, कारण महाराष्ट्राने भूकंप पाहिला तो किल्लारीत: दगडमातीची घरं कोसळली, हजारो माणसं झोपेत गेली. आपली शिकवण एकच, उघड्यावर या. सोलोमनच्या किनाऱ्यावर उघड्यावर येणं ही फक्त पहिली पायरी असते. मैदानात जमून ‘किती रिश्टरचा होता रे’ विचारत उभं राहिलं की संपलं.

रेंडोवावर त्या दिवशी एकही माणूस दगावला नाही. मोठ्या धक्क्याच्या आधी, तासाभराच्या आत, ६.६ चा एक हादरा बसला होता. २००७ ची आठवण तीन वर्षांपूर्वीची. लोक उंचावर गेले. घरं गेली, माणसं राहिली.

‘पहिली लाट सगळ्यात मोठी’

यावर फार शाई खर्चायची गरज नाही. मे १९६० मध्ये हवाईच्या हिलो शहरात संध्याकाळीच सायरन वाजले होते. लाटा मध्यरात्रीनंतर आल्या, पहिल्या बेताच्या. काही लोक घरी परतले, काही तर बघायला म्हणून बंदराकडे गेले. रात्री एकच्या सुमारास तिसरी आली. ६१ मृत्यू. दोन लाटांमधलं अंतर दहा मिनिटांपासून तासाभरापर्यंत असू शकतं, उपसागरात पाणी इकडून तिकडे आपटत राहतं, बेटाला वळसा घालून आलेली लाट दुसऱ्या लाटेत मिसळते. म्हणून अधिकृतपणे ‘आता उतरा’ असं सांगितल्याशिवाय उतरायचं नाही. आणि सांगणारं कोणी नसेल तर कित्येक तास वरच.

‘कामचाटका बघा, उगाच पळवलं’

आता शेपटाबद्दल. ३० जुलै २०२५ चा कामचाटकाचा भूकंप ८.८ चा होता हे खरं, आणि हवाई-जपानकडे लाटा मीटर-दीड मीटरच्या आसपास राहिल्या हेही खरं. पण भूकंपाशेजारच्या किनाऱ्याकडे मेसेजवाल्यांनी बघितलंच नाही. कुरील बेटांवरच्या सेवेरो-कुरील्स्कमध्ये बंदरात पाणी घुसलं. माणसं आधीच वर नेलेली होती. याच गावावर नोव्हेंबर १९५२ मध्ये, याच खंदकावरच्या ९.० च्या भूकंपानंतर, लाटा आल्या होत्या आणि २,००० हून जास्त लोक मेले होते. त्यानंतर गाव उंचावर पुन्हा बसवलं गेलं. २०२५ मध्ये काही झालं नाही असं जे आपल्याला वाटतं, त्यामागे ते उंचावरचं गाव आहे.

‘फक्त मीटरभर’ हा शब्दप्रयोगही तपासायला हवा. ६ फेब्रुवारी २०१३, सोलोमन बेटांचा पूर्वेकडचा तेमोतु प्रांत. दुपारी बाराच्या सुमारास ८.० चा भूकंप. न्देन्दो बेटावर लाता या मुख्य गावाच्या धक्क्यावर पाण्याची पातळी मोजणारं यंत्र होतं. त्यावर लाट नोंदली गेली जेमतेम मीटरभर. जगभर बातमी गेली ती त्या मीटरभराची. नंतर पाहणी पथक बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर गेलं तेव्हा झाडांवर आणि उतारांवर पाण्याच्या खुणा ११ मीटरपर्यंत सापडल्या. दहा माणसं गेली, बरीचशी म्हातारी, पळू न शकणारी. यंत्र खोटं बोललं नव्हतं. ते खाडीच्या आडोशाला होतं. किनाऱ्याचा उतार, खाडीचं तोंड, लाटेची दिशा, यांनुसार काही किलोमीटरवर आकडा दसपट होतो. पोवळ्याची कडा वाचवते असंही कोणी म्हणतं. सामोआच्या दक्षिण किनाऱ्याला पोवळ्याची कडा आहे, तरी तिथे पाणी काही ठिकाणी १४ मीटर चढलं.

उलट उदाहरणही देतो, नाहीतर मी सोयीचं तेवढंच सांगतोय असं वाटेल. ९ डिसेंबर २०१६ ला पहाटे साडेचारनंतर सोलोमनमधल्याच माकिरा बेटावर, किराकिराजवळ, ७.८ चा भूकंप झाला. इशारे निघाले, लोक अंधारात डोंगराकडे गेले. लाट किरकोळ आली. कारण नंतर कळलं: भूकंप सुमारे ४० किलोमीटर खोल होता, समुद्रतळ फारसा हलला नाही. म्हणजे ती पहाट वाया गेली, असं मेसेजवाल्यांच्या भाषेत म्हणता येईल. पण ४० किलोमीटर खोल की दहा, हे किराकिराच्या किनाऱ्यावर अंथरुणातून उठून बसलेल्या माणसाला कळायची सोय नव्हती. लाताच्या माणसालाही नव्हती. दोघांना कळलं ते एवढंच की जमीन जोरात आणि बराच वेळ हलली. खोली मोजणारे मोजत होते, तेवढ्यात किराकिराचे लोक डोंगरावर पोचले, उजाडल्यावर खाली आले आणि पडलेल्या भिंती उचलायला लागले.